दाखल्यावरचा ‘वर्तणूक’ रकाना

स्नेहमेळाव्याची तयारी सुरू झाली आणि आपल्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शाळा सोडल्याच्या दाखल्यांचे फोटो येऊ लागले. कुणाची जन्मतारीख १ जून, कुणाच्या आडनावातली वेलांटी गायब, यावर भरपूर चेष्टामस्करी झाली. मला मात्र सगळ्या दाखल्यांत एक रकाना अगदी सारखा दिसला : ‘वर्तणूक – चांगली’. मधल्या सुट्टीत भिंतीवरून उडी मारून मॅटिनीला जाणाऱ्यांची वर्तणूक चांगली आणि दहा वर्षांत एकदाही छडी न खाल्लेल्यांचीही चांगली! आपल्या गुरुजनांचे मन किती मोठे होते, याला आणखी पुरावा नको.

त्याच गुरुजनांच्या तोंडची सर्वांत मोठी धमकीही तुम्हाला आठवत असेल : “उद्या वडिलांना घेऊन ये, नाहीतर दाखला हातात देईन.” छडीची, अंगठे धरून उभे राहण्याची भीती तेवढ्यापुरती असे. दाखल्याची भीती वेगळीच होती. दाखला हातात मिळणे म्हणजे शाळा संपली, आणि त्या रकान्यात ‘चांगली’ नसेल तर दुसरी शाळाही संपली, हे आपल्याला न सांगता कळत होते.

पुढे मी महाविद्यालयात इतिहास शिकवला आणि बरीच वर्षे शिस्तपालन समितीवर काम केले. टेबलाच्या पलीकडे बसल्यावर त्या एका शब्दाचे वजन नीट कळले. शाळेच्या स्थापनेचा, इमारतीचा, गुणवंतांचा इतिहास या स्मरणिकेत इतर मित्र लिहीत आहेतच. मी या रकान्याचा इतिहास लिहितो. तो आपल्या सोलापूरच्या फार जवळून गेलेला आहे.

आधी शब्दाबद्दल थोडे. विद्यार्थ्याला काढून टाकले की आपण सर्रास ‘रस्टिकेट केले’ म्हणतो. हा शब्द इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड-केंब्रिजचा. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला खेड्याचा शब्द आहे. बेशिस्त विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या गावातून काही काळ बाहेर, खेड्याकडे धाडायचे, असा त्याचा अर्थ. मुदत संपली की तो परत येत असे. म्हणजे मूळ कल्पनेत परतीची वाट होती. आपल्याकडे हा शब्द आला तेव्हा राज्य परके होते, शिस्तीचा संबंध अभ्यासापेक्षा राजनिष्ठेशी जास्त होता, आणि परतीची वाट बहुधा कुणाच्या लक्षातच नव्हती.

महाराष्ट्रातले गाजलेले पहिले प्रकरण पुण्याचे. वंगभंगाच्या विरोधात देशभर स्वदेशीची लाट उसळली होती. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात परदेशी कपड्यांची होळी झाली. तिच्यात पुढाकार होता फर्ग्युसन कॉलेजच्या वसतिगृहात राहणाऱ्या विनायक दामोदर सावरकर या विद्यार्थ्याचा. कॉलेजने त्यांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढले. प्राचार्य होते रँग्लर परांजपे. स्वतः विद्वान, उदारमतवादी, समाजसुधारणेचे पुरस्कर्ते. टिळकांनी ‘केसरी’तून या शिक्षेवर कडक टीका केली. रँग्लरांना खलनायक ठरवणे सोपे आहे, पण मला ते पुरेसे वाटत नाही. देशी माणसांनी उभारलेली संस्था सरकारी अनुदानावर आणि मान्यतेवर चालत होती. विद्यार्थ्याला शिक्षा करणारा हात प्राचार्यांचा होता आणि त्या हातामागे सरकारचे दडपण होते. सावरकरांना वसतिगृह सोडावे लागले, पण कॉलेज सुटले नाही आणि ते बी. ए. झाले. मोठी शिक्षा नंतर आली : जन्मठेप झाल्यावर मुंबई विद्यापीठाने ती पदवीच काढून घेतली. ती त्यांना परत मिळाली १९६० साली.

दोनच वर्षांनी, १९०७ च्या मे महिन्यात, हे दडपण कागदावर उतरले. हिंदुस्थान सरकारचे गृहसचिव रिझ्ले यांच्या नावाने ओळखले जाणारे परिपत्रक निघाले. शाळा-कॉलेजांच्या विद्यार्थ्यांनी राजकीय सभांत भाग घ्यायचा नाही. संस्थेने त्यांना आवरले नाही तर अनुदान बंद, शिष्यवृत्त्या बंद, मान्यताही काढली जाईल. त्याआधी १९०५ मध्ये बंगालात कार्लाइल परिपत्रक निघालेच होते. या परिपत्रकांची युक्ती बघा. सरकारने विद्यार्थ्यांवर पोलीस धाडण्याऐवजी मुख्याध्यापकांनाच पोलीस केले. ज्याने शिकवायचे त्यानेच नाव कळवायचे. गुरु-शिष्यांत संशयाची भिंत उभी राहिली ती तेव्हापासून.

सोलापूरला ही भिंत चांगली ठाऊक होती. १९२० साली असहकाराची हाक आली तेव्हा इथे शिकणाऱ्या व्यंकटेश खेडगीकर नावाच्या मुलाने सरकारी शाळा सोडली. शाळेने त्याला काढण्याआधी त्यानेच शाळेला रामराम ठोकला. पुढे हा मुलगा हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि अंबाजोगाईला मुख्याध्यापक झाला, आणि संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ या नावाने हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा सेनापती झाला. १९३० च्या मे-जूनमध्ये तर सोलापूर शहरच शिक्षा भोगत होते. मार्शल लॉ पुकारला गेला, डोक्यावरची गांधी टोपीसुद्धा गुन्हा ठरली. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन येरवड्यात फासावर गेले. त्या चौघांच्या पुतळ्यांवरून आपण सायकली दामटत शाळेला जात होतो.

आता मुख्य प्रकरणाकडे येतो. ते घडले आपल्या शेजारी, निजामाच्या राज्यात. तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा हा सगळा मुलूख तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. सोलापुरातून बाहेर पडून थोडे पूर्वेला गेले की राज्य बदलत असे. तिकडे साधी सभा घ्यायची तरी आधी परवानगी लागे. ‘गश्ती निशाण ५३’ हे त्या फर्मानाचे नाव मराठवाड्यातल्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे. उच्च शिक्षणासाठी १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ होते. त्याच्या अखत्यारीत औरंगाबाद, गुलबर्गा, वारंगळ अशा ठिकाणी इंटरमीजिएट कॉलेजे होती.

१९३८ च्या ऑक्टोबरात स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला आणि त्याची धग वसतिगृहांत पोहोचली. विद्यार्थी संध्याकाळच्या प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणू लागले. औरंगाबादला सुरुवात झाली, हैदराबादच्या वसतिगृहांत ते लोण गेले. अधिकाऱ्यांनी मनाई केली. मुलांचे म्हणणे साधे होते : प्रार्थनागृह आमचे, प्रार्थनाही आमची. अधिकाऱ्यांना ते गीत राजकीय आणि राज्यातल्या इतर धर्मीयांना दुखावणारे वाटत होते. मनाई मोडली गेली, वसतिगृहातून हकालपट्टी झाली, संप झाला, आणि डिसेंबरपर्यंत शेकडो विद्यार्थ्यांची नावे पटावरून उडाली. वारंगळ, गुलबर्ग्यालाही तेच.

इथवरची हकिगत मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या पुस्तकांत सापडते. मला त्यापुढचे महिने जास्त महत्त्वाचे वाटतात. काढून टाकलेला विद्यार्थी दुसऱ्या दिवशी काय करतो? यातली बरीच मुले खेड्यापाड्यांतली. बापाने जमीन गहाण टाकून शिकायला पाठवलेली. संस्थानात दुसरे विद्यापीठ नव्हते. संस्थानाबाहेर जावे तर तिथेही प्रवेश मिळेना. काढून टाकलेल्या मुलांना घेऊन वाद ओढवून घ्यायला विद्यापीठे तयार नव्हती. दाखल्यावरचा रकाना आडवा आला तो असा.

दार उघडले नागपूर विद्यापीठाने. कुलगुरू होते टी. जे. केदार. त्यांनी या विद्यार्थ्यांना प्रवेश दिला. एका विद्यापीठाने ज्यांची वर्तणूक वाईट ठरवली, त्यांना दुसऱ्याने वर्गात बसवले. केदारांनी मोर्चा काढला नाही, निषेधाचे भाषण केले म्हणून त्यांचे नाव राहिलेले नाही. आपल्या अधिकारात होते तेवढेच त्यांनी केले, आणि त्यामुळे शेकडो मुलांचे शिक्षण वाचले. वारंगळच्या कॉलेजातून काढलेला पी. व्ही. नरसिंह राव नावाचा एक विद्यार्थी त्यांतच होता. नागपूरला शिकून तो पुण्याला फर्ग्युसनमध्ये आला, कायद्याच्या पदवीसाठी पुन्हा नागपूरला गेला. मराठी इतकी उत्तम शिकला की ह. ना. आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’चा त्याने तेलुगूत अनुवाद केला. १९९१ साली तो देशाचा पंतप्रधान झाला. पंतप्रधान झाला म्हणून प्रवेश योग्य ठरला, असे मी म्हणत नाही. जे साधे वकील, शिक्षक, कारकून झाले त्यांचेही शिक्षण तितकेच मोलाचे होते.

याच डिसेंबरात, १९३८ च्या नाताळात, सोलापुरात आर्य परिषद भरली. अध्यक्ष होते लोकनायक बापूजी अणे. निजामाच्या राज्यातल्या धार्मिक निर्बंधांविरुद्ध सत्याग्रह करण्याचे तिथे ठरले आणि त्याचे मुख्य ठाणे आपले शहर झाले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले सत्याग्रही सोलापूरला उतरत, इथल्या लोकांच्या घरी जेवत आणि सरहद्द ओलांडून तुरुंगात जात. १९३९ च्या ऑगस्टात तो सत्याग्रह थांबला. सोलापूरकरांनी केलेल्या मदतीची आठवण म्हणून डी. ए. व्ही. संस्थेने १९४० साली इथे कॉलेज काढले. तेच आपले दयानंद कॉलेज. तोवर मॅट्रिक झालेल्या सोलापूरच्या मुलाला पुढे शिकायचे तर पुणे-मुंबईची वाट धरावी लागे. गिरणीत बापाच्या शेजारी उभे राहणे हा बहुतेकांचा दुसरा आणि खरा पर्याय. शेजारच्या राज्यात विद्यार्थ्यांवर दारे बंद होत असताना आणि तुरुंग भरत असताना सोलापूरने जो पाहुणचार केला, त्याची परतफेड कॉलेजच्या रूपाने झाली. आपल्यापैकी निम्मे जण तरी त्या कॉलेजच्या आवारात बसून गेले असतील. त्या आवारामागे हा इतिहास उभा आहे.

स्वातंत्र्य आले. राजनिष्ठेचा प्रश्न मिटला, पण शिक्षेचा प्रश्न उरला. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयासमोर उत्तर प्रदेशातले एक प्रकरण आले. इंटरमीजिएट परीक्षेच्या बोर्डाने तीन परीक्षार्थींचा निकाल गैरप्रकाराच्या संशयावरून रद्द केला होता आणि पुढच्या परीक्षेलाही बंदी घातली होती. त्यांना काय म्हणायचे आहे हे मात्र कुणी विचारले नव्हते. न्यायालयाने सांगितले की इतका गंभीर परिणाम करणारा निर्णय विद्यार्थ्याचे ऐकून घेतल्याशिवाय घेता येणार नाही. आज कुठल्याही महाविद्यालयात आधी कारणे दाखवा नोटीस, मग लेखी खुलासा, मग चौकशी आणि मग शिक्षा, असा क्रम असतो त्याची मुळे इथे आहेत. अनेक प्राध्यापकांना हा क्रम म्हणजे कटकट वाटते. १९३८ च्या मुलांना एवढी कटकट मिळाली असती तर त्यांनी ती आनंदाने पत्करली असती.

१९८५ साली इतिहासाने जणू उलटी बाजू दाखवली. केरळमध्ये तीन भावंडांना शाळेने काढले, कारण ती राष्ट्रगीत गात नसत. राष्ट्रगीताला ती आदराने उभी राहत. गाणे त्यांच्या धर्मश्रद्धेत बसत नव्हते. ऑगस्ट १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना शाळेत परत घ्यायला लावले. हैदराबादेत मुले काढली गेली ती गीत म्हटले म्हणून; केरळात काढली गेली ती गीत म्हटले नाही म्हणून. दोन्ही ठिकाणी मुलांनी कुणाला धक्काही लावला नव्हता. ज्याला पहिल्या शिक्षेचा राग येतो, त्याला दुसरीचाही यायला हवा. नाहीतर आपला राग न्यायासाठी नसून आवडीनिवडीसाठी असतो.

मग शिस्तीचे नियमच नकोत का? असे म्हणणारा मी नाही. आजवर सांगितलेले नियम सत्तेला विद्यार्थ्यांपासून वाचवणारे होते. काही नियम दुबळ्या विद्यार्थ्याला दांडग्या विद्यार्थ्यापासून वाचवतात. रॅगिंगचा कायदा हा दुसऱ्या जातीचा. आपण कॉलेजात होतो तेव्हा रॅगिंगला ‘गंमत’ म्हणण्याची पद्धत होती. महाराष्ट्राने १९९९ साली रॅगिंगबंदीचा कायदा केला. दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड, आणि दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला संस्थेतून काढून पाच वर्षे दुसरीकडेही प्रवेश नाही. तक्रार आली की प्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची. त्याने टाळाटाळ केली तर त्यालाही गुन्ह्याला मदत केल्याबद्दल शिक्षा होऊ शकते. २००९ मध्ये हिमाचल प्रदेशात एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा रॅगिंगमध्ये जीव गेल्यावर विद्यापीठ अनुदान आयोगाचे देशभरासाठी नियम आले, आणि प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी-पालकांकडून हमीपत्र घेणे सुरू झाले. रिझ्लेच्या परिपत्रकानेही प्राचार्यांवर जबाबदारी टाकली होती आणि या कायद्यानेही टाकली आहे. फरक एवढाच की तेव्हा प्राचार्यांनी सरकारला सांभाळायचे होते, आता नवख्या पोराला सांभाळायचे आहे. कुठलाही नियम समोर आला की मी पहिला प्रश्न हाच विचारतो : हा कुणाच्या बाजूने उभा आहे?

दुसरा प्रश्न परतीच्या वाटेचा. समितीवर असताना एक प्रकरण आले होते. वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा, परीक्षेत खिशात चिठ्ठी सापडलेली. वडील यंत्रमागावर कामाला, आई विड्या वळणारी, घरची बोली तेलुगू. आमचे विद्यापीठ तेव्हा कोल्हापूरचे होते. सोलापूरला स्वतःचे विद्यापीठ २००४ साली मिळाले. सुनावणीला जायचे तर एसटीचे भाडे आणि वडिलांचा एक खाडा. वडील मला म्हणाले, “साहेब, चूक केली त्यानं, शिक्षा करा. पण दोन वर्षं घालवू नका. एक वर्ष गेलं तर पुन्हा बसंल. दोन गेली की मागावरच बसणार.” शिक्षेच्या प्रमाणाबद्दल इतके नेमके मी कुठल्या अहवालात वाचलेले नाही. मुलाने चिठ्ठी आपलीच असल्याचे लिहून दिले होते, उत्तरपत्रिकेत तिचा वापर झालेला नव्हता. महाविद्यालयाने अहवालात हे दोन्ही स्पष्ट लिहिले. त्याची ती परीक्षा रद्द झाली, पुढची बंदी लागली नाही. पुढे तो पदवीधर झाला. नियम पाळला गेला आणि मुलगाही राहिला. या दोन गोष्टी एकत्र जमू शकतात, यावर माझा त्या दिवसापासून विश्वास आहे.

आता थोडे आपल्या गुरुजनांसाठी. ‘दाखला हातात देईन’ ही तुमची धमकी आता कायद्यात बसत नाही! २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि छडीलाही बंदी आहे. तुमच्यापैकी काही जण हसतील, काही जण ‘म्हणूनच पोरं बिघडली’ म्हणतील. मला मात्र आठवते की तुम्ही ती धमकी वर्षातून दहा वेळा दिलीत आणि आमच्यापैकी कुणाच्याही दाखल्यावर ‘चांगली’खेरीज दुसरा शब्द लिहिला नाहीत. कायद्याने पुढे सांगितले ते तुम्ही आधीच करत होता.

मित्रहो, त्या दाखल्यावर शेजारीच आणखी एक रकाना असतो : ‘शाळा सोडण्याचे कारण’. वर्तणुकीइतकेच त्यातही बरेच झाकले जाते. आपल्याबरोबर पाचवीत असलेले काही जण आठवी-नववीत दिसेनासे झाले. त्यांना कुणी काढले नव्हते. त्यांची वर्तणूकही चांगलीच लिहिली गेली असणार, आणि कारणापुढे ‘पालकांची विनंती’. कुणाच्या वडिलांची गिरणी बंद पडली, कुणाला फी साठली, कुणाला वर्गातल्या चिडवण्याने शाळा नकोशी झाली. काढल्या गेलेल्यांचा इतिहास लिहिला जातो. गळून गेलेल्यांचा लिहिला जात नाही. मेळाव्याच्या यादीत दहावीच्या निकालपत्रावरची नावे घेतली आहेत, म्हणून ही मंडळी त्यात नाहीत. जनरल रजिस्टर शाळेत आहे. त्यातून पाचवीपासूनची नावे काढावीत आणि ज्यांचा पत्ता लागेल त्यांना बोलावणे धाडावे, अशी माझी समितीला विनंती आहे. ते काम करायला मी तयार आहे; आणखी दोघे-तिघे सोबत आले तर लवकर होईल.